उलटा चाललेला मोरावळा

"माणसानं चालायचं नाही, मालानं चालायचं! बस्स, एवढंच शास्त्र आहे!"

हे वाक्य रघुवीर सबनीसनं चंदीगडात कुणाला ऐकवलं नव्हतं? दूधवाल्याला ऐकवलं होतं. स्कूटरचं पंक्चर काढणाऱ्या सरदारजींना ऐकवलं होतं. बायकोला हळदीकुंकवाला सोडायला गेला, तेव्हा दारात रांगोळी काढत बसलेल्या पद्मिनीवहिनींनाही ऐकवलं होतं. त्या बिचाऱ्या ठिपके अर्धवट टाकून आत पळाल्या!

घरी तर विचारूच नका. बायको रत्नप्रभा पोळ्या करायची, आणि हा पाटावर बसून तिच्या हातांच्या हालचाली न्याहाळायचा.

"बघ, ओट्यापासून माझ्या ताटापर्यंत पोळी पोचवायला तुला किती वेळा वळावं लागतं! इथून तिथपर्यंत एक पट्टा असता तर?"

"तर त्या पट्ट्याला म्हणावं, भाजीपण तूच चीर."

"पापा, बेल्ट पे रोटी ठंडी हो जाएगी ना," नयना हिंदीत भर घालायची. चंदीगडात वाढलेलं पोर! मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून बाहेर पडायची ती हिंदीच.

गोष्ट आहे चौऱ्याहत्तर सालची. रघुवीर मूळचा सातारचा, केंद्र सरकारच्या एका उपक्रमात इंजिनियर. बऱ्याच वर्षांपूर्वी बदली होऊन चंदीगडला आला, तो इंडस्ट्रियल एरियातल्या फळांच्या कारखान्यात. तिथं सफरचंदाचा जाम व्हायचा, लिंबाचं लोणचं व्हायचं. पण कारखान्याचं नाव चालायचं ते एकाच गोष्टीवर. आवळ्याचा मुरब्बा! रघुवीर त्याला मोरावळाच म्हणायचा. तिथल्या लोकांना वाटायचं, साहेबांना मुरब्बा म्हणता येत नाही.

हा मोरावळा करायचे लाला हवेलीराम. फाळणीत मुलतानहून आलेले. उंच, ताठ, पांढरी टोपी, पांढरा एप्रन, आणि मिशा अशा, की मॅनेजर मल्होत्रासाहेबसुद्धा बोलताना आधी मिशांकडे बघून अंदाज घ्यायचे. लालाजींच्या कढईपाशी थर्मामीटर टांगलेला होता, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. असावा म्हणून असलेला. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात धरायचे, हलकेच ताणायचे, तार उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "उतारो." की कढई खाली! त्यात कधी चूक नाही.

रघुवीर आला त्या पहिल्या आठवड्यातच लालाजींनी त्याला वाटीत एक आवळा दिला होता. सातारच्या मुलाला परक्या मुलखात थंडीनं आणि एकटेपणानं गारठल्यासारखं झालं होतं. तो आवळा खाल्ला, आणि हा माणूस म्हणजे आपलाच कुणी मामा आहे असं त्याला वाटलं. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ. किंवा साखरपाकच म्हणा!

आता पट्ट्याचं खूळ रघुवीरच्या डोक्यात शिरलं, तेही लालाजींमुळेच. झालं असं: बरण्या भरायच्या, पेट्यांत घालायच्या, आणि त्या पेट्या हमालांनी डोक्यावरून लांबलचक अंगण ओलांडून ट्रकपर्यंत न्यायच्या. हमाल तरी किती धावणार? पॅकिंगच्या हॉलमध्ये पेट्यांचा डोंगर साचायचा. मग बरण्या भरणं थांबायचं. बरण्या थांबल्या की कढईतला तयार माल तिथंच पडून राहायचा. एकदा असाच माल अडकला आणि उतरवायला झालेला पाक भट्टीवरच जळला. लालाजींनी ती काळी पडलेली कढई स्वतः घासली. कुणाला हात लावू दिला नाही. रघुवीरनं त्यांचा चेहरा पाहिला आणि जागच्या जागी शपथ घेतली: लालाजींची कढई पुन्हा कुणासाठी थांबणार नाही!

झालं! तो मल्होत्रासाहेबांच्या केबिनमध्ये शिरला, तो नकाशांची गुंडाळी काखेत मारूनच.

"सर, कन्व्हेयर! पॅकिंग हॉलपासून ट्रकपर्यंत! माल एकसारखा वाहत राहील. ट्रक ताटकळणार नाहीत. बरण्या फुटणार नाहीत. हमालांच्या पाठी वाचतील, त्यांना आपण गोदामात लावू, तिथं माणसं कमीच आहेत. हॉल मोकळा राहील. वाटेत पेट्या गायब होतात, त्या होणार नाहीत. शिवाय..."

"सबनीस," मल्होत्रासाहेब म्हणाले, "ये बेल्ट है या कल्पवृक्ष?"

"सर, दोन्ही!"

मंजुरी मिळायला सरकारी वेळ लागला, पण मिळाली. पट्टा आला. रोलर आले, मोटर आली. भिंतीला भोक पाडलं, पेटी जाईल एवढंच, आणि धूळ आत येऊ नये म्हणून त्याला रबराचा पडदा लावला. म्हणजे हॉलमधल्या माणसांना ट्रककडचं काही दिसायचं नाही, आणि ट्रककडच्यांना हॉलमधलं. या पडद्याचा रघुवीरला फार अभिमान होता. पुढं त्याच पडद्यानं घात केला, पण ते पुढं.

लालाजी एकदा येऊन पट्ट्याला हात लावून गेले. घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"मेरे मुरब्बे को धक्का तो नहीं लगेगा?"

"लालाजी, डोली में जाएगा! दुल्हन के माफिक!"

लालाजींच्या मिशा हलल्या. म्हणजे ते हसले.

उद्घाटनाला दिल्लीहून डायरेक्टरसाहेब येणार होते. हा पट्टा त्यांच्या पसंतीला उतरला असता, तर बरण्या भरायच्या विभागापर्यंत दुसरा पट्टा, आणि नाही उतरला तर पहिलाच भंगारात! मल्होत्रासाहेबांनी रघुवीरला तसं स्वच्छ सांगितलं होतं. सकाळी चाचणी घेतली. पट्टा असा चालला, की लोण्यातून सुरी! लालाजी नवीन टोपी घालून हॉलमध्ये उभे होते. पहिली पेटी त्यांनी स्वतःच्या हातानं पट्ट्यावर ठेवली. ती डौलात भोकातून बाहेर गेली. हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पॅकिंगच्या मुख्य बेदीमॅडम, ज्या कुणावरच खूश नसायच्या, त्याही म्हणाल्या, "चलो, कुछ तो सीधा चला."

मग मल्होत्रासाहेबांना कल्पना सुचली. साहेबांना कल्पना सुचली की इंजिनियरानं रजा टाकावी, हे रघुवीरला तेव्हा ठाऊक नव्हतं!

"फोटो में बेल्ट भरा हुआ दिखना चाहिए. सबनीस, पूरा भर के रोक दो!"

भरून थांबवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेट्याच पेट्या. शिवाय ट्रकमध्येही अर्धा माल चढवून ठेवला. सगळं कसं तयार. आणि नेमका तेव्हाच लाउडस्पीकरवाल्यानं आपली वायर कुठंतरी खुपसली. फट्! मोटरची लाइन गेली.

इलेक्ट्रिशियन करतारसिंग धावला. त्यानं बॉक्स उघडला, वायरी सोडल्या, जळलेली टोकं कापली, पुन्हा जोडल्या. "हो गया जी, पक्का!" आणि खरंच पक्कं झालं होतं. फक्त तीन वायरींपैकी दोन इकडच्या तिकडे झाल्या होत्या. आता अशी अदलाबदल झाली की ती मोटर बंद पडत नाही, कुरकुरत नाही, ठिणगी उडवत नाही. ती गुमान, तेवढ्याच जोमानं, उलटी फिरते!

पुन्हा चाचणी घ्यायची होती. रघुवीर बटणाकडे निघालाही होता. तेवढ्यात फाटकातून डायरेक्टरसाहेबांची गाडी आत आली.

ट्रकच्या टोकाला मांडव घातला होता. पूजा होती. साहेबांनी बूट काढले. चांगले चकचकीत तपकिरी बूट! ते ठेवायचे कुठं? जमिनीवर नुकतंच पाणी शिंपडलेलं. कुणीतरी अतिउत्साही माणसानं ते अदबीनं उचलले आणि पट्ट्यावरच, अगदी टोकाला, शेवटच्या पेटीमागं ठेवून दिले. नारळ फुटला. हार घातला गेला. साहेबांनी बटण दाबलं, लोकांकडे तोंड केलं, पट्ट्याकडे पाठ केली, माइक हातात घेतला आणि भाषण सुरू केलं.

पट्टा सुरू झाला. आणि पेट्या ट्रकपासून दूर निघाल्या. सासरी भांडण काढून, पदर खोचून, माहेरच्या वाटेला लागलेल्या सुनांसारख्या! एकीनंही मागं वळून बघितलं नाही.

रघुवीरनं बटणाकडे बघितलं. ते साहेबांच्या कोपराशी होतं. दोन पावलं पुढं जायचं, "एक्स्क्यूज मी सर" म्हणायचं आणि बटण दाबायचं. बस्स! पण साहेब बोलत होते. आणि काय बोलत होते? रघुवीरनंच लिहून दिलेलं!

"इस बेल्ट से माल की दिशा निश्चित हो जाती है..."

दिशा! रघुवीरनं मल्होत्रासाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळे वटारले. त्याचा अर्थ, साहेब बोलत असताना मध्ये तडमडायचं नाही. रघुवीर थांबला. तसा तो भिडस्तच. समोरच्याला अवघड वाटेल असं काही तोंडावर बोलायची वेळ आली, की याची जीभ टाळूला चिकटायची. बॉसला तर नाहीच, पण घरमालकालाही त्यानं नळ गळतोय हे कधी सांगितलं नव्हतं.

इकडे ट्रकवरचे हमाल पट्ट्याकडे बघत होते. ते काही इंजिनियर नव्हते, पण आंधळेही नव्हते. पट्टा आत चाललाय. म्हणजे माल आत न्यायचाय. साहेबलोक उभे आहेत, आपण रिकामे उभे राहिलो तर बरं दिसत नाही. त्यांनी सकाळी चढवलेला माल ट्रकमधून उतरवला आणि भराभरा पट्ट्यावर ठेवायला लागले! इतक्या चपळाईनं त्यांनी कधी काम केलं नव्हतं. साहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ती लगबग पाहिली आणि भाषणात म्हणाले, "देखिए, मज़दूरों में कैसा उत्साह है!"

टाळ्या!

आता पडद्याच्या पलीकडं काय झालं ते ऐका.

हॉलमध्ये सगळ्या बायका नटूनथटून उभ्या होत्या. पट्टा सुरू होईल, पेट्या बाहेर जातील, मग लाडू मिळतील. पट्टा सुरू झाला. आणि रबराचा पडदा आतल्या बाजूला फुगला, आणि पेटी आत आली. मग दुसरी. मग तिसरी.

"ये तो वापस आ रहा है!" कुणीतरी म्हणालं.

"वापस क्यों?"

"पास नहीं हुआ होगा!"

झालं! गवताच्या गंजीत काडी पडावी, तसा तो शब्द हॉलभर पसरला. दिल्लीच्या साहेबांनी मुरब्बा चाखला. आवडला नाही. माल परत पाठवला. सगळा परत पाठवला. आता तर ट्रकमधलापण परत पाठवतायत! हमाल ट्रक रिकामा करतायत, हे एकीनं वरच्या झरोक्यातून टाचा उंचावून पाहिलंही. मग काय, पुरावाच मिळाला! एक बाई म्हणाली कारखाना बंद होणार. दुसरी रडायलाच लागली. बेदीमॅडमनी एक बरणी उघडून हुंगली, आणि नाक मुरडलं. त्यांचं नाक कायमच मुरडलेलं असायचं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात राहणार?

लालाजी पट्ट्याच्या तोंडाशी उभे होते. सकाळी जिथून पहिली पेटी पाठवली, त्याच जागी. एकेक पेटी त्यांच्यासमोर येऊन थांबत होती आणि मागची तिला ढकलत होती.

आणि मग पडदा पुन्हा फुगला, आणि आत आले बूट! तपकिरी, चकचकीत, दोन्ही. टोकं थेट लालाजींकडे.

हॉलमध्ये कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हाय रब्बा! साब ने जूता मारा!"

लालाजींनी टोपी काढली. एप्रनची गाठ सोडली. एप्रनची नीट घडी घातली, पट्ट्याशेजारच्या टेबलावर ठेवली, आणि मागच्या दारानं निघून गेले.

भाषण एकदाचं संपलं. साहेब वळले आणि त्यांनी रिकामा पट्टा पाहिला. रिकामा ट्रक पाहिला. मग स्वतःचे मोजे पाहिले.

"माल कहाँ है?"

"सर," रघुवीर म्हणाला, "अंदर."

"मेरे जूते?"

"सर... वो भी अंदर."

करतारसिंगनं वायरी सरळ केल्या. पट्टा सुरू झाला, आता बरोबर दिशेनं. बेदीमॅडमना वाटलं, साहेबांचा राग शांत करायचा तर आधी जोडे सन्मानानं परत गेले पाहिजेत. त्यांनी ते एका पांढऱ्या कापडावर ठेवले, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं आणि पाठवून दिले. तेव्हा कारखान्याच्या नव्या कन्व्हेयरवरून अधिकृतरीत्या बाहेर आलेला पहिला माल म्हणजे डायरेक्टरसाहेबांचे बूट! फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपला.

मल्होत्रासाहेब पांढरे पडले. पण डायरेक्टर माणूस दिलदार निघाला. तो जो हसायला लागला, तो थांबेचना!

"सबनीस! जो बेल्ट दोनों तरफ़ इतना अच्छा चलता है, वो एक तरफ़ तो चलेगा ही! दूसरा भी लगाओ!"

मंजूर! रघुवीरला लोकांनी उचलायचंच बाकी ठेवलं. आणि त्या गोंधळात, कुणाच्यातरी तोंडून, जाता जाता त्याला कळलं की लालाजी निघून गेलेत.

"कुठं गेले?"

"अरे, गुस्सा है. बूढ़े आदमी हैं," मल्होत्रासाहेब म्हणाले. "कल आ जाएँगे. तुम चलो, साब के साथ खाना है."

तो जेवायला गेला. तिथंच पहिली चूक झाली. दुसऱ्या दिवशी लालाजी आले नाहीत. त्या दिवशी दुसऱ्या पट्ट्याचे कागद दिल्लीला जायचे होते. तिसऱ्या दिवशी मोजमाप होतं. मल्होत्रासाहेबांनी शिपायाकडून चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही. रघुवीर रोज म्हणायचा, उद्या जातो. जाऊन सांगायचं तरी काय, याचीच धास्ती. पट्टा मात्र झकास चालत होता! म्हटलं तसंच झालं सगळं. बरण्या फुटेनात, ट्रक खोळंबेनात. हमाल संध्याकाळी पाठ न चोळता घरी जायला लागले. हॉल असा रिकामा, की बायका दुपारी तिथं डबे खायला बसू लागल्या. रघुवीरनं सांगितलेला एकूण एक फायदा खरा ठरला. फक्त ज्याची कढई थांबू नये म्हणून हा खटाटोप केला, तोच कढईपाशी नव्हता.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" एक दिवस रत्नप्रभा म्हणाली. "तो माणूस घरी बसून झुरत असेल. दोन वायरींची तर गोष्ट! जाऊन सांगा आणि घेऊन या!"

"तेच, म्हणजे बघ, योग्य वेळ..."

"आज रविवार आहे. स्कूटर बाहेर आहे. हीच योग्य वेळ!"

तो गेला. लालाजी शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्यात राहायचे. जुन्या बाजाराच्या गल्लीत, पितळी भांड्यांच्या दुकानावर, वर एक खोली आणि गच्ची. चंदीगडच्या सरळ सरळ रस्त्यांची सवय झालेल्या रघुवीरला ती गल्ली सापडेपर्यंत घाम फुटला.

लालाजी गच्चीत खाटेवर बसले होते. एवढ्या दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मिशासुद्धा खाली झुकल्या होत्या. पण उठून उभे राहिले, रघुवीरला खाटेवर बसवलं.

"लालाजी, वो माल किसी ने वापस नहीं किया था! करतार से तार उलटा लग गया. मोटर उलटी घूमी, तो बेल्ट उलटा चला."

"जी."

"साब ने तो मुरब्बा चखा भी नहीं था!"

"जी. और जूता?"

"जूता... जूता अपने आप आया."

लालाजींनी त्याच्याकडे बघितलं. "अपने आप."

"मतलब, किसी ने बेल्ट पर रख दिया था. पूजा के लिए."

"पूजा के लिए जूता."

रघुवीरला घाम फुटला. जन्मात इतकं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि जन्मात इतकं खोटं त्याला कधी वाटलं नव्हतं! त्यानं खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेवर मोटर काढली, तीन वायरी काढल्या, बाण काढले, उलटे बाण काढले. लालाजी वाकून बघत राहिले. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं नाही. पण समोरचा माणूस घामाघूम होऊन बाण काढतोय, हे त्यांना दिसत होतं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"सच कह रहे हो, सबनीस साब?"

"लालाजी, बेटी की कसम!"

खाली बाजारात कुणी पितळेवर ठोके घालत होतं. मग लालाजींनी मोठा श्वास घेतला.

"तुसी कहते हो तो मान लेता हूँ. तुम मराठी लोग सीधी बात करते हो. कल आऊँगा."

रघुवीरला वाटलं, गच्चीवरून ओरडून सगळ्या मनीमाजऱ्याला सांगावं! लालाजींच्या अंगात तर वारं शिरलं. सून संतोष भाजी आणायला गेली होती. "बैठो! आज मेरे हाथ की चाय पियो!" म्हणत ते स्वतः आत गेले. स्टोव्हचा भर्र आवाज आला, आलं ठेचल्याचा आवाज आला, आणि दाट, तांबूस चहाचे दोन मोठे पितळी ग्लास घेऊन ते बाहेर आले. तिसरा ग्लास झाकून सुनेसाठी ठेवला.

रघुवीरनं घोट घेतला.

मीठ! चहात मीठ! चिमूटभर नव्हे, चांगलं चमचे भरभरून! जिभेपासून कानापर्यंत झिणझिण्या आल्या.

सांगावं? आत्ता? आत्ता कुठं म्हातारा हसलाय, उद्या येतो म्हणालाय. हातून चुकून मीठ पडलं असेल. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला त्याचा विरस करायचा?

"कैसी बनी?" लालाजींनी विचारलं. डोळे त्याच्या तोंडावर.

"वा!" रघुवीर म्हणाला. "बहुत बढ़िया, लालाजी! ऐसी चाय चंदीगड में नहीं मिलती!"

हे मात्र खरं होतं.

लालाजी खूश झाले आणि आपला ग्लास तोंडाला लावला. रघुवीर श्वास रोखून बघत राहिला. आता थुंकतील, आता हसतील! लालाजींनी घोट घेतला. दुसरा घेतला. मिशा पुसल्या आणि सावकाश, मजेत, मुलतानमधल्या आपल्या वडिलांच्या दुकानाची गोष्ट सांगायला लागले. ग्लास अर्धा झाला. पाव उरला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. संतोष आली, पिशवी टेकवली, "नमस्ते जी" म्हणाली, झाकलेला ग्लास उचलून घोट घेतला आणि सरळ गच्चीच्या कडेला जाऊन तो थुंकून टाकला.

"बाबूजी! ये क्या! नमक डाला है!"

लालाजींनी आपल्या ग्लासात बघितलं. तळाशी एक घोट उरला होता. मग त्यांनी रघुवीरच्या ग्लासाकडे बघितलं.

"सर्दियों में बुखार हुआ था," ते हळूच म्हणाले. रघुवीरला म्हणाले की सुनेला, कळलं नाही. "तब से मुँह में कुछ नहीं लगता. न मीठा, न नमकीन. किसी को बताया नहीं. रोज़ सबको चखाता था. पूछता था, ठीक है ना? सब कहते थे, बढ़िया."

"लालाजी, बढ़ियाच था! था!" रघुवीर हिंदीमराठीचा काला करत ओरडला. "आपके हाथ को पता है! तार... पाक का तार आप हाथ से देखते हो, ज़बान से नहीं! मुरब्बा सच में बढ़िया था!"

आणि ते अगदी खरं होतं. त्या साली त्या कारखान्यातून गेलेला मोरावळा लोक मागून मागून नेत होते. पुढं लालाजींच्या जागी निवड समितीनं नेमलेला नवा माणूस आला, थर्मामीटर वापरायला लागला, आणि मोरावळा तसा पुन्हा झाला नाही.

लालाजींनी रघुवीरच्या खांद्यावर हात ठेवला. रागानं नाही. लहान मुलाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"चाय भी तो बढ़िया थी, सबनीस साब."

रघुवीरला हातातला ग्लास खाली ठेवायचं धाडस होईना, म्हणून त्यानं तो तोंडाला लावला आणि गार झालेला सगळा चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. संतोष "रहने दीजिए जी, रहने दीजिए!" म्हणत राहिली.

लालाजी त्याला जिन्यापर्यंत सोडायला आले. "बेल्ट अच्छा है," ते म्हणाले. "मैंने हाथ लगा के देखा था." आणि उद्याचं नाव न काढता आत वळले.

घरी दारातच रत्नप्रभा उभी होती. मागं नयना.

"भेटले? पटलं का त्यांना? उद्या येतायत ना?" रत्नप्रभानं विचारलं. "अहो, बोला की! काय झालं?"

रघुवीरनं चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"सगळं सांगतो," तो म्हणाला. "आधी तांब्याभर पाणी दे."